दिवसाचं पाणी

आमच्या उंब्रजच्या ऑफिसात चहा आला की मी आणि आमचा फिटर संपत सुरू होतो. सोलर पंपाचे किस्से इतके साठलेत की कुठला कुठल्या गावचा, याचाच घोळ होतो. आणि खरं सांगू? त्यात शहाणं कोण आणि येडं कोण, हे मला अजून कळलेलं नाही!

माझं सगळं लक्ष मात्र एकाच पंपाकडं. माझे सासरे, आबा, जतकडचे. तिकडं शेतातल्या मोटारीला लाईट रातीचीच यायची. म्हातारा माणूस अंधारात मक्याला पाणी द्यायला जायचा. एकदा पायापाशी घोणस निघाली, थोडक्यात वाचले. तेव्हापासून बायकोचं एकच टुमणं. "साऱ्या मुलखाला सोलर बसवत फिरताय, माझ्या आबांचं रातीचं जाणं कवा बंद करणार?"

सरकारी मंजुरी आल्याशिवाय मी तरी काय करणार? रोज जेवताना मान खाली घालायची, बस्स.

*

म्हसवडकडं एका आजोबांनी काम थांबवलं. पॅनेलचं तोंड दक्षिणेला केलेलं.

"यमाची दिशा ती! पूर्वेला फिरवा."

संपतनं ऊन कुठून कसं फिरतं ते हात करकरून सांगितलं. आजोबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "माझ्या घराचं दार पूर्वेला हाय. पिढ्यान् पिढ्या. मग ते चुकलं व्हय?"

"आवं आजोबा, दाराला कुठं पाणी उपसायचंय!"

आजोबांना पटलं. पण यमाची नजर नको म्हणून पॅनेलच्या तोंडावर भलंमोठं घोंगडं टाकून मोकळे! ते काढायला आम्हाला परत जावं लागलं.

*

एका मावशींचा फोन, पाणी येत न्हाई. जाऊन बघतो तर पॅनेलवर दोन जुनी लुगडी नीट पसरलेली, कोपऱ्यांना दगड.

"मावशी, हे काय?"

"एवढ्या उन्हात काळं पडंल की रं!"

"ते काळंच असतंय."

"मग आनखी किती काळं करायचं त्येला?"

मी संपतकडं बघितलं. तो पाना शोधायला लागला. पाना त्याच्या हातातच होता!

*

माणमधल्या एका पारावर तर आमची चौकशीच लागली. डोंगरावर पवनचक्क्या फिरतायत आणि एक काका तावातावानं सांगतायत, "त्या पात्यांनी ढग हाकलल्यात! म्हनून पाऊस न्हाई."

संपतला कुठं गप्प बसवतंय? "बरंच की काका! ढग गेलं म्हंजे ऊन जादा, आमचा सोलर लय पळंल."

मग काका उठले. "म्हंजे दोघं मिळून हायसा व्हय तुमी!"

चहा न घेताच निघालो.

*

शेवटी आबांची मंजुरी आली, पंप बसला. भर दुपारी पाटाला धो धो पाणी! बायको फोनवर रडलीच. मीही खूश. जावई म्हणून एक तरी काम धड झालं!

थोड्याच दिवसांत सासूबाईंचा फोन. "जावईबापू, तुमचा पंप दिवसा चालतुया न्हवं?"

"चालतो की. का?"

"मग ह्ये रातीचं कुठं जात्यात?"

माझं डोकंच चालेना. बायकोला काही बोललो नाही. सकाळीच संपतला घेऊन जत गाठलं. वायरी बघितल्या, कंट्रोलर बघितला, सगळं ठणठणीत. मका टवटवीत. आबा अंगणात चहा पीत बसलेले, डोळे तांबारलेले.

"आबा, पंपात काही खोट हाय का?"

"छ्या! झ्याक चालतुया."

"मग रातीचं शेतात कशाला जाताय? काही झालं तर तुमच्या लेकीला मी काय सांगू?"

आबांनी बशी खाली ठेवली.

"बांधाला मल्लाप्पा हाय न्हवं? त्येला अजून रातीचीच लाईट हाय. आजवर त्यो माझ्याकडं बॅटरी मारायचा, मी त्येच्याकडं. मला तुमी दिवसाचं पाणी दिलंसा. आता त्येला उजेड कुनी धरायचा?"