दोन तळांमधले खिळे

आता चाकरी संपली, पण अमरावतीच्या कापूस-आवारातल्या आगीची ती घटना अजून मनातून जात नाही. तेव्हा अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मी तिथे ठाणेदार होतो.

आवारात दगडी फरशी होती. फरशीवर लोखंड घासलं की ठिणगी पडते, म्हणून हमालांच्या जोड्यांत एकही खिळा चालत नसे. पायावर कापसाची गठाण पडली तरी बोटं चेचू नयेत इतकं जाड कातडं वर आणि खाली दुहेरी तळ. सगळं ओलं असतानाच आरीने भोकं पाडून चामड्याच्या वादीने शिवायचं, म्हणजे वाळताना टाका आवळत जातो. रोज सकाळी फाटकावरचा पहारेकरी प्रत्येकाच्या तळावरून हात फिरवून मगच आत सोडी.

तरी भरदुपारी कापसाची गंजी पेटली आणि एक हमाल भाजला. आम्ही आग विझवतो आहोत तोच जोडे शिवणारा एक कारागीर माझ्याकडे आला.

"सायेब, त्या हमालाच्या जोड्याचा तळ उकलून पाहा. माह्या लहान्या भावानं शिवला हाय. मेहनत वाचवाले खिळे ठोकते तो."

दोघे भाऊ एकाच छपरीत काम करत. थोरल्याने धाकट्याला हातात आरी धरायला शिकवलं होतं, पण आवारातल्या जोड्यांचं काम मिळालं धाकट्याला. तेव्हापासून थोरल्याच्या पोटात दुखत होतं, हे अख्ख्या पेठेला ठाऊक होतं.

पंचांसमक्ष तळ उकलला. दोन थरांच्या मधे खिळे दडवलेले होते आणि खालचा थर झिजून एकाचं टोक बाहेर आलं होतं. धाकट्याला कोठडीत घातलं. त्याची जबानी एका वाक्याची होती. "सायेब, मी लोखंडाले हात नाई लावला."

मला एक गोष्ट पटेना. ज्याला मेहनत वाचवायची तो शिवण टाळतो. इथे टाके चारी बाजूंनी पुरे होते आणि वर खिळेही. शिवाय आतले खिळे तळ उकलण्याआधी थोरल्याला कसे कळले? धाकटा मागे सासुरवाडीला गेला होता, तेव्हा तयार जोडे थोरल्याच्याच हवाली होते, हेही चौकशीत निघालं.

हवालदार म्हणाला, "थोरल्याला चार रट्टे देऊ का?" मी नको म्हटलं. मत्सराने जळणाऱ्याला मारून काय मिळणार? मी थोरल्याला समोर बसवलं, जोडा हातात घेतला आणि नुसता वाखाणू लागलो. काय हात आहे तुझ्या भावाचा! गुन्हा केला खरा, पण खिळे असे बसवले की पहारेकऱ्याच्या बोटांनाही लागले नाहीत. खिळे घालून तळ पुन्हा शिवला तोही जुन्याच भोकांतून. असा कारागीर वऱ्हाडात दुसरा नसेल.

त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्याला राहवलं नाही.

"काहून त्याचं नाव घेता, सायेब? हे खिळे त्याच्या बापाच्यानं बी बसनार नाई. माह्या हातचे हायेत ते."

त्याचा बाप तोच आपलाही बाप, हेसुद्धा रागात त्याच्या ध्यानात आलं नाही. हवालदार तोंड फिरवून हसला. मी जबानी लिहून घेतली आणि धाकट्याला सोडलं.

पुढे चाकरीत चोर पाहिले, दरोडेखोर पाहिले. ते निदान स्वतःचा जीव वाचवायला बघतात. दुसऱ्याला अपशकुन करायला आपलं नाक कापून घेणारा मत्सरी माणूस तेवढंही बघत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

शिक्षा होऊन थोरल्याला पायी अकोल्याच्या तुरुंगात न्यायचं होतं. उन्हाळा होता, वाट भाजत होती. धाकटा ठाण्याच्या दारात नवा जोडा घेऊन उभा राहिला. "दादा, पाय पोळतीन. घालून घे."

थोरल्याने जोडा घेतला, उलटा केला, एकेक टाका नखाने ओढून पाहिला, तळ वाकवून पाहिला. बराच वेळ तो पाहत होता. मग जोडा खाली ठेवून तो अनवाणीच चालू लागला. एखादा टाका जरी सैल निघाला असता, तर त्याने तो जोडा आनंदाने पायात घातला असता.