मधलीनं बघितलेली थोरली

आमची थोरली आठ वर्षांची असल्यापासूनच आई होती. खरी आई उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत रानात राबायची, मग धाकटा कायम थोरलीच्या गळ्यात. तो इतका गोल, की सगळे त्याला भोपळाच म्हणायचे. ही काडीसारखी, आणि कडेवर हा गोळा! कोण कुणाला धरून आहे तेच कळायचं नाही. मी मधली. मला कोण विचारतंय? म्हणून मी नुसती बघायचे. आज थोरली आजी झालीय, तरी घरातल्या सगळ्यांचं झाल्याशिवाय घास घेत नाही. कितीही भांडा तिच्याशी!

ती आठ वर्षांची होती त्या वर्षी मका डोक्याच्या वर गेला होता. थोरली बांधावर गवत कापत होती, तेवढ्यात भोपळा मक्यात शिरला. झालं! आई-बाबा धावले, शेजारपाजारचे धावले.

"कुठं उलथलास रे?" आई ओरडली.

"सापड तर खरा, तंगडंच मोडतो!" बाबा गरजले.

ऊन कलायला लागलं तरी पोराचा पत्ता नाही. मक्यापलीकडे ओढा होता, भरलेला. ते आठवलं आणि आई तिकडेच धावायला निघाली.

"गप्प बसा सगळे!" थोरली किंचाळली. "तुम्ही मारणार म्हणून लपलाय तो!"

मोठ्यांना गप्प बसा म्हणणारी पोर आमच्या घरात तोवर जन्मायची होती. सगळे जागच्या जागी थांबले.

मग ती फतकल मारून बसली, एक रिकामं फडकं मांडीवर पसरलं आणि मचमच तोंड वाजवत म्हणाली, "मधले, ये गं! भोपळा नाहीये तोवर खाऊ संपवून टाकू."

मीही लागले मिटक्या मारायला.

मका सळसळला. "माझा! माझा!" करत भोपळा बाहेर आला, नाकाला शेंबूड, अंगभर ओरखडे. आईनं त्याला उराशी धरलं. बाबांनी पटापट मुके घेतले. तंगडं मोडायचं राहूनच गेलं. भोपळ्यानं फडकं उलटंपालटं करून बघितलं आणि फसवलं म्हणून भोकाड पसरलं.

थोरली विळा उचलून निघाली होती. आईनं मागून विचारलं, "तू सकाळपासून काही खाल्लंस का गं?"

"हो" म्हणता म्हणता तिचा बांधच फुटला. हुंदके थांबेचनात. बाबांनी तिला तसंच उचललं. केवढीशी होती माझी बाई! त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणत होती, "बाबा, गवत राहिलंय."