बिराची शाल आणि अक्का

फोन आला तेव्हा मी स्पिरिटात बुडवलेला कापूस घेऊन भरतकामाच्या मशीनचा फ्लॉपीचा कप्पा पुसत होते. सकाळपासून मशीन डिझाइन उचलत नव्हतं. पुतण्या सांगलीच्या दवाखान्यातून बोलत होता. "काकू, आई गेली." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि पुन्हा तोच कप्पा पुसत बसले... रडू नंतर आलं. त्या घडीला नुसता थकवा होता. अक्कांच्या आजारपणाचा, मशीनचा, सगळ्याचाच.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. आम्हा दोघींचे नवरे फौजेत, त्यामुळे घर आणि सातारच्या एमआयडीसीजवळचा भरतकामाचा गाळा आम्ही दोघीच बघायचो. मशीन शिरवळच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून जुनंच आणलेलं. त्याला डिझाइन द्यायचं ते फ्लॉपीवरूनच. तळहातावर मावणाऱ्या त्या चौकोनी चकतीचं पहिल्यांदा केवढं अप्रूप वाटलं होतं! पुढं जग पेन ड्राइव्हवर गेलं, आम्ही मात्र भंगारवाल्यांकडं आणि बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासात जुन्या फ्लॉप्या शोधत राहिलो. आज चालली ती उद्या चालेल याचा भरवसा नसे. पावसाळ्यात तर बुरशी धरायची. अक्का फ्लॉपी बाहेर काढायच्या, पदराला पुसायच्या, पुन्हा आत घालायच्या, आणि पडद्यावर पुन्हा तीच चूक उमटायची. "आवं, दुसरं मशीन घिऊया की," मी म्हणायचे. "घिऊ की," म्हणत त्या परत फ्लॉपी आत सरकवायच्या.

दोनेक वर्षांमागं वडूजकडच्या हौसाबाई गाळ्यात आल्या. मेंढरांमागं जन्म गेलेली म्हातारी. त्यांचा लेक बिरा फौजेत भरती झाला, तेव्हा पहिल्या सुट्टीत आमच्याकडून आईसाठी शाल भरून घेऊन गेला होता. 'आईला, तुझा बिरा' एवढाच मजकूर, पण तो त्यानं स्वतःच्या हातानं कागदावर लिहून आणला होता. अक्कांनी ती अक्षरं कॉम्प्युटरवर जशीच्या तशी गिरवून फ्लॉपीवर ठेवली. पुढं बिरा सीमेवर असतानाच गेला. आणि आता ट्रंकेतली ती शाल उंदरांनी कुरतडली होती. लेकाच्या हातचं घरात दुसरं काही नव्हतं. "मला वाचाया येत न्हाई बाय," म्हातारी म्हणाली, "पर त्याचं वळण बोटाला वळखू येतंय. तसंच काढून दे."

बिरानं लिहिलेला कागद कधीच गहाळ झाला होता. फ्लॉपी सापडली, पण मशीन ती वाचेना. कप्पा पुसला, दुसरा आणून बसवला, तरी तेच. गाळ्यातला कॉम्प्युटर कधीच मोडीत गेला होता. शेवटी कुणीतरी सांगलीतला एक जुना दुरुस्तीवाला सांगितला, तेव्हा आम्ही एसटीनं निघालो. फ्लॉपी रुमालात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घालून अक्कांनी मांडीवर धरली होती. तेव्हाच त्यांना धाप लागायची. कराडच्या स्टँडवर चहा पिताना म्हणाल्या, "दमले गं मी रंजना. ह्या चकत्यांनी जीव नको केलाय."

"मग सांगा की म्हातारीला, न्हाई निघत म्हणून."

"तू सांगतीस?"

मी उठून चहाचे पैसे देऊन आले.

दुरुस्तीवाल्यानं फ्लॉपीचं कवच उकललं, आतली पातळ चकती पुसली आणि दुसऱ्या धड कवचात घातली. कितीतरी वेळ नुसती घरघर... मग एकदाची ती वाचली गेली, पण पुरती नाही. जेवढं आलं तेवढं त्यानं मशीनला चालेल असं नव्या फ्लॉपीवर उतरवून दिलं. "म्होरचं गेलं, बाई," तो म्हणाला.

गाळ्यात येऊन शाल लावली. 'आईला, तुझा बि' एवढं उमटलं आणि मशीन थांबलं. "ऱ्हायलेलं आपण हातानं भरू," मी म्हटलं. अक्कांनी मान हलवली. "न्हाई. ते आपलं अक्षर हुईल. त्याचं न्हाई."

हौसाबाई आल्या तेव्हा अक्कांनी लपवलं नाही, शेवटचं अक्षर निघालंच नाही म्हणून सांगितलं. म्हातारीनं शाल मांडीवर घेतली. बोट अक्षरांवरून सावकाश फिरत गेलं, शेवटाशी थांबलं. मग ती म्हणाली, "असाच हुता गं त्यो. अर्धी भाकर ताटात टाकून पळायचा." अक्का पदर तोंडाला लावून मागच्या दारी गेल्या.

अक्कांच्या दिवसकार्यानंतर पुतण्यानं मशीनला पेन ड्राइव्हची सोय बसवून घेतली. आता ते अडत नाही. सकाळी गाळा उघडला की मी मशीनवरची गवसणी काढते. अक्कांनी ती स्वतःच्याच इरकली लुगड्याची शिवलेली. घड्या घालून खिडकीजवळच्या त्यांच्या स्टुलावर ठेवते. कामाच्या बायका कितीही दमल्या तरी त्या स्टुलावर बसत नाहीत. परवा एकजण म्हणाली, "काकू, धुवायला नेऊ का ही?"

"राहू दे," मी म्हटलं, "अजून मळली नाही."

मळली आहे. पण मशीनच्या तेलाच्या वासाखाली अजून अक्कांचा वास येतो... धुतली की तोही जाईल.