बिनकॅरियरच्या टपावरून गेलेला बेड

आमच्या दुकानाच्या टेम्पोचा क्लच गेल्याचा फोन आला, तेव्हा धुळ्याच्या हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या डिस्चार्जचे कागद होत होते. मणक्याचं ऑपरेशन झालेले गृहस्थ. अमळनेरला घरी येणार होते. त्यांना साध्या खाटेवर झोपवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि त्यांचा फाउलर बेड, म्हणजे हँडल फिरवून डोकं-पाय वर करता येतात तो, जळगावला आमच्या गोडाऊनमध्येच उभा होता.

मेडिकल इक्विपमेंट भाड्याने देणाऱ्या दुकानात मी टेक्निशियन आहे. बेड जोडणं, चालवून दाखवणं हे माझं काम.

"राजेशला बोलवा," आमचे मालक आबा म्हणाले.

ठरलेलंच वाक्य. राजेश आमचा सेल्समन. त्याच्या नव्या गाडीवर लोखंडी कॅरियर. काहीही अडलं की राजेश. बेड मी जोडायचा आणि पेशंटच्या घरी चहाचा आग्रह त्याला. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू? पार्किंगमध्ये त्याची गाडी दिसली तरी माझं डोकं फिरायचं.

राजेश त्या दिवशी सावद्याला अडकला होता.

"आबा, मी नेते."

"मॅडम, तुमच्या गाडीला कॅरियर कुठंय?"

"नसू दे. बांधते मी."

बेडची फ्रेम दोन भागांत सुटते. जड भाग मागची सीट पाडून आत घातला. हलका पण लांब भाग टपावर. छोट्या गाडीचा टप फार वजन पेलत नाही, म्हणून ही वाटणी. पत्र्यावर आधी फोमच्या पट्ट्या टाकल्या. मग चारही दारं उघडून बांधायचे पट्टे फ्रेमवरून आणि आतून, छताखालून फिरवले आणि दारं लावून घेतली. पट्टे खिडकीतून घेतले तर दारं उघडत नाहीत. पण एवढ्याने भागत नाही. ब्रेक मारला की सामान पुढे सरकतं. म्हणून फ्रेमच्या पुढच्या टोकाला दोर बांधून तो बंपरखालच्या टोइंग हुकला ताणला. मागे तसंच.

धरणगावच्या अलीकडे थांबून पट्टे तपासले. एक सैल झाला होता. आवळला. पुढे सावकाश निघाले. मागचे हॉर्न वाजवत होते. वाजवू देत.

अमळनेरला पेशंटच्या बायको दारातच उभ्या होत्या. माझ्यामागे रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "राजूभाऊ नई उनात का?"

इथेही राजेशचीच वाट. शेजाऱ्यांच्या मदतीने फ्रेम उतरवली, बेड जोडला. शेवटचा बोल्ट आवळला आणि ॲम्ब्युलन्स गल्लीत शिरली. पेशंटला, घरच्यांच्या नानांना, बेडवर घेतलं. मी हळूहळू हँडल फिरवलं, पाठ उचलली गेली. त्यांनी डोळे मिटून लांब श्वास सोडला. "आते बरं वाटस," म्हणाले.

बाईंनी लगेच फोन लावला. "राजूभाऊ, बेड पोहची गया. तुमना भलता उपकार व्हयनात!"

मी बोल्टचे पाने आवरत ते ऐकलं. 

दुसऱ्या दिवशी राजेश स्वतःहून माझ्या टेबलाशी आला.

"ताई, अमळनेरच्या बाईंना सांगितलं मी, बेड तुम्ही आणला म्हणून. पण खरं सांगू? मलाच तुमचा हेवा वाटायचा."

"माझा?"

"तुमच्या गाडीत घरची माणसं बसतात. माझ्या गाडीत कमोड चेअर. बायको म्हणते, हा दुकानाचा टेम्पो आहे, मी नाही बसत."

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी त्याच्याशी नीट बोलले.

तेवढ्यात आबांनी हाक मारली. "मॅडम, भडगावला एक बेड पोचवायचाय. तुमच्या टपावर बसतो म्हणे!"

राजेशने रविवारी कॅरियर काढून टाकलं. आता तो संध्याकाळी बायकोला घेऊन फिरायला जातो आणि मी पट्टे आवळत त्याच्याकडे बघत असते. नोकरीत एखादी गोष्ट जमते हे दाखवण्याआधी, ती रोज करायची तयारी आहे का, हे स्वतःला विचारावं.