स्लॅब थांबवणाऱ्या शकुंतलाताई

दौंडजवळच्या सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी रुजू झालो, त्या सकाळी आमच्या प्रमुख शकुंतलाताईंनी माझ्या तळहातावर एक काळपट गोळी ठेवली. "चुनखडी आन् माती दळून भट्टीत भाजली, की हे क्लिंकर होतं. आपल्याकडं मालगाडीनं येतं, आपण दळायचं. पण जिप्सम घातल्याबिगर पाणी दावायचं न्हाई. लगेच आवळतंय." मी शहाण्यासारखी मान डोलावली. ताईंनी मला क्लिंकरची नुसती पूड पाण्यात कालवायला लावली आणि थापी वाडग्यातच अडकून बसल्यावर पोटभर हसल्या. त्यांची शिकवणी ही अशी!

मालाच्या बाबतीत मात्र त्या कुणाचीही भीड ठेवत नसत. एकदा यंत्रात जिप्समची वाट तुंबली आणि तसंच सिमेंट गोण्यांत भरून गेलं. नमुना तपासताच ताईंनी गाड्या माघारी बोलावल्या. एक तेवढी पोचली होती, भांडगावला, ताईंच्याच धाकट्या दिरांच्या घरी. त्या दिवशी त्यांचा स्लॅब होता.

स्लॅबचा दिवस म्हणजे आमच्याकडे लग्नघरच. पाहुणे मांडवात, रस्सा चुलीवर, मिक्सर सुरू होण्याच्या बेतात. ताई मिक्सरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी सोबत होतो.

"वहिनी, माणसं आली, रस्सा उकळलाय, आन् थांबा म्हंता व्हय?" दीर संतापले. "चारचौघांत हसं केलंत माझं!"

"भाऊजी, परक्यांच्या गाड्या फिरवल्या मी. घरच्यांच्या डोक्यावर हे सिमेंट कसं घालू?"

पाहुणे जेवून गेले, स्लॅब राहिला. दिरांनी बोलणं टाकलं. परतताना ताई गाडीत रडल्या.

चांगला माल येऊन स्लॅब ओतला गेला, त्या दिवशी ताईंना आवतण नव्हतं. तरी दुसऱ्या सकाळपासून त्या कामावर येण्याआधी तिथे जाऊन स्लॅबवर पाणी मारू लागल्या. सिमेंट वाळून नव्हे, पाणी पिऊन घट्ट होतं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. दीर खालून नुसते बघत. एके दिवशी ते वर आले आणि त्यांनी ताईंच्या हातातली नळी घेतली. "वहिनी, च्या घ्या. पाणी मी मारतो."

ताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. हा गौरव अंक त्याच गच्चीवर प्रकाशित होणार आहे आणि मांडव दिरांनीच घातला आहे. ताई, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. रस्सा उकळतोय. या वेळी काही थांबवू नका!