लग्नाला गेलेला हंडा

गंजाडच्या संग्रहालयाचं पत्रक मी लिहिलं. 'आम्ही' नाही, मीच. "आमच्या वस्तू आमच्याच गावात राहतील" हे पहिलं वाक्य. मसोलीच्या माझ्या घरात बसून लिहिलं आणि डहाणूपासून तलासरीपर्यंत बाजारात, एसटी स्टँडवर वाटलं. रागच तसा होता. संग्रहालय म्हणजे जुन्या शाळेच्या दोन कौलारू खोल्या, त्यावर एक दिवस 'धोकादायक इमारत' असा बोर्ड लागला, वस्तू जिल्ह्याला हलवायचं पत्र आलं, आणि गावाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

त्या दिवशी तपासणीला जिल्ह्याचे साहेब येणार होते. वस्तू नीट सांभाळलेल्या दिसल्या तर छप्पर दुरुस्त करू, असं कार्यालयातून तोंडी सांगितलं होतं. म्हणून सकाळीच मी वही घेऊन मोजायला बसले. जातं होतं. पानांची इरली होती. वाढवणच्या एका घराने दिलेला होडीचा दगडी नांगर होता. तांब्याचा मोठा हंडा नव्हता. उखळ दोनांपैकी एकच. नाचात फुंकून वाजवतात त्या तारप्याच्या जागी नुसता खिळा.

काकांना हाक मारली. काका म्हणजे शाळेचे निवृत्त शिपाई, संग्रहालयाची किल्ली त्यांच्याकडे. मला वाटलं चोरी झाली. पोलिसांत जायचं, पत्रक काढायचं, मथळाही डोक्यात तयार.

"हंडा लग्नाला गेलाय," काका म्हणाले.

मग कळलं. एवढं मोठं भांडं अख्ख्या पाड्यात एकच. ते कुणाच्या घरी ठेवायचं यावरून दर वर्षी भांडणं. संग्रहालय निघालं तेव्हा पाड्याने हंडा दिला नव्हता, ठेवायला आणला होता. लग्न निघालं की न्यायचा, चिंच-राखेने घासून परत आणायचा. उखळाचं, तारप्याचं तेच. काका सगळं पाटीवर खडूने लिहून ठेवत. हंडा इतका चकचकीत कसा राहतो, याचं मी आजवर कौतुक करत आले होते. त्याखाली चिठ्ठी माझ्याच अक्षरात: 'पूर्वी वापरात असलेला हंडा'.

राग आला, पण कुणाचा ते ठरेना.

स्कूटर काढून पाड्यावर गेले. मांडवामागे चुलीवर हंड्यातून वाफा येत होत्या. नवरीच्या आईला मी कशाला आले ते सांगितलं. पत्रक तिला आधीच कुणीतरी वाचून दाखवलं होतं.

"तुम्हीच लिवलंय ना ताई, आमच्या वस्तू आमच्याच गावात राहतील? मग राहू दे की. जेवून जा. नाहीतर परत छापाल, पाड्यावर कुणी विचारलं नाही."

बायका हसल्या. मी रिकाम्या हाताने परतले.

साहेब येऊन बसले होते. काकांनी त्यांना पाटी दाखवून टाकली होती, तीही अभिमानाने. साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, वस्तू वापरात आहेत की नाहीत, एवढं लिहून द्या. वापरात असतील तर लोकांना परत देऊ आणि इमारत पाडू. वापरात नसतील तर आज इथे नसलेल्या वस्तू हरवल्या असं धरू आणि उरलेल्या जिल्ह्याला नेऊ. फॉर्मवर तिसरा रकाना नव्हता, छपराचं तर नावही नव्हतं.

मला काय हवं होतं, तेच मला कळेनासं झालं. हंडा परत द्यायचा तर कुणाच्या घरी? काका माझ्याकडे बघत होते, जणू सभेत बोलते तशी आता मी बोलणार. मी दोन्ही रकाने सोडले आणि खाली लिहिलं, 'हंडा लग्नाला गेला आहे. परत येईल.' सही केली.

साहेबांनी दोनदा वाचलं. "कधी?"

"घासून झाला की," काका म्हणाले.

साहेबांनी तेही लिहून घेतलं. त्याचा वरच्या कार्यालयात काय अर्थ लावतील, माहीत नाही. आम्ही बरोबर केलं का, तेही नाही.