रविवारचा स्वयंपाक

नागपूरच्या विमानतळावर सोडायला आलेल्यांना आत घेत नव्हते, म्हणून आम्ही तिघी बाहेरच उभ्या होतो: मी, आई आणि शेजारची कमलमावशी. बाबांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी त्यांची एकुलती एक मुलगी, आमच्या वस्तीतली पहिली पीएचडी, आणि सिंगापूरला पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करायला निघालेली. "दोनच वर्षं, आई. मग परत," मी म्हटलं. आईने माझ्या बॅगेची अर्धवट राहिलेली चेन लावली आणि म्हणाली, "पोचली की फोन कर." रडली ती कमलमावशी. आईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि मला त्याचा अभिमान वाटला. माझी आई खंबीर आहे, असं पुढे मी कितीतरी लोकांना सांगत असे.

माझं काम वस्तीत समजावून सांगताना आईची पंचाईत व्हायची. डॉक्टर एका माणसाला तपासतो. आम्ही अख्ख्या शहराच्या मनाची तब्येत तपासायचो. निवडलेल्या घरांमध्ये माणसं पाठवायची, ठरलेले प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारायचे आणि किती जण उदास आहेत, कोण एकटं पडलंय, मदत कोणापर्यंत पोचत नाही, हे शोधायचं. कमलमावशीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे येड्यांची खानेसुमारी." हा विनोद मी ऑफिसात इंग्रजीत सांगून भरपूर हशा मिळवला होता.

दोन हजार चार-पाचचा तो काळ. सिंगापूरच्या क्वीन्सटाउन भागातल्या एका जुन्या इमारतीत मी खोली भाड्याने घेतली होती. घरमालकीण भली बाई, पण फोडणीच्या वासाने तिला ठसका लागायचा. त्यामुळे पाणी उकळणं आणि मॅगी एवढीच परवानगी. मी तिन्ही त्रिकाळ खालच्या हॉकर सेंटरवर, खाण्याच्या गाळ्यांवर, जेवायचे आणि घरचं अन्न आठवून स्वतःचीच कीव करायचे. एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, ऑफिस गाठायचं, दिवसभर आकडे चाळायचे, आणि रविवारी दुपारी फोनकार्डावरचा नंबर खरवडून आईला फोन करायचा, असा माझा आठवडा ठरलेला होता.

तो फोनही ठरलेलाच. मी विचारायचे, आई सांगायची. "जेवली का?" "हो, जेवली." "काय केलं होतं?" "वरण-भात, वांग्याची भाजी." "तब्येत?" "चालून राहिलं." एवढं झालं की पुढची पंधरा मिनिटं मी बोलायचे. ऑफिस, बॉस, उकाडा, माझी सर्दी. आई ऐकायची. कार्ड संपत आल्याची सूचना वाजली की आम्ही दोघी घाईने फोन ठेवायचो.

आमच्या प्रश्नावलीत एक नियम होता. उदासपणाच्या भागात सुरुवातीला दोनच प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला उदास वाटलं का, आणि नेहमीच्या गोष्टींतला रस गेला का. दोन्हीचं उत्तर 'नाही' आलं तर पुढचे सगळे प्रश्न गाळायचे आणि नवीन भागाकडे वळायचं. वेळ वाचतो, माणूस कंटाळत नाही. मुलाखती नीट होतात की नाही हे तपासणं माझ्याकडे होतं. एके दिवशी टॅम्पिनीस भागातल्या एका वयस्क चिनी बाईंचे कागद माझ्यासमोर आले. दोन्ही उत्तरं 'नाही'. पण मुलाखत घेणाऱ्या मुलीने समासात लिहून ठेवलं होतं, की निघताना दाराशी बाई म्हणाल्या, नवरा गेल्यापासून मी भात लावलेला नाही, एकटीसाठी कशाला भांडी घासायची.

मी पेटून उठले. म्हातारी माणसं 'मी उदास आहे' असं म्हणत नाहीत. त्यांना झोपेचं विचारा, जेवणाचं विचारा, सकाळी उठून काय करता ते विचारा, असं दोन पानी टिपण मी लिहिलं. आमच्या प्रोफेसरबाई सहजासहजी मान डोलावणाऱ्यांतल्या नव्हत्या. तीन मीटिंगा भांडले. शेवटी पुढच्या टप्प्यापासून साठीपुढच्या सगळ्यांना सगळे प्रश्न विचारायचे, असं ठरलं. सिंगापुरात आल्यापासून इतकं शहाणं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या रविवारी हे सगळं मी आईला रंगवून सांगितलं. मग तिने विचारलं, "मग ते बाई आता जेवते का?"

"ते आम्हाला कळत नाही, आई. नावं गुप्त असतात. ते आमचं काम नाही."

"असं का," आई म्हणाली.

चार महिन्यांनी, बुधवारी, ऐन मीटिंगमध्ये कमलमावशीचा फोन आला. आई नळावर चक्कर येऊन पडली होती. डॉक्टर म्हणत होते, पडण्याचं काही नाही, पण ह्या बाईच्या अंगात अन्नच नाही.

दुसऱ्या दिवशी मी नागपुरात होते. पलंगावरच्या आईला मी आधी ओळखलंच नाही. मनगट इतकं बारीक झालेलं, की सलाइनची पट्टी दोनदा गुंडाळावी लागली होती. ती झोपली होती, म्हणून मी बाहेर येऊन कमलमावशीवरच तोंड टाकलं. इतके दिवस तुम्ही काय बघत होतात, असंही म्हणाले. ती बिचारी सांगू लागली.

"मी डबा देवो, तर ते म्हणे, भूक नाही. तुझे बाबा गेले तवापासून तिचं मनच लागत नव्हतं. चहा आन मुरमुरे, बस. फक्त रविवारी सकाळी उठून सारा सयपाक करे. मी इचारलं, आज काय आहे? तर म्हणे, पोरीचा फोन येते. ते इचारते, जेवली का. मग खोटं कसं सांगू?"

आई दर पौर्णिमेला विहारात जायची, पंचशील घ्यायची. बाकीच्या बायका गाथा म्हणून घरी येतात. आईने खोटं न बोलण्याचं शील अक्षरशः पाळलं होतं. मी सगळे फोन आठवत बसले. ती एकदाही खोटं बोलली नव्हती. एकदाही 'मी बरी आहे' म्हणाली नव्हती. 'चालून राहिलं' एवढंच म्हणायची. सोमवारी काय खाल्लं, हे मी कधी विचारलंच नाही. परक्या म्हातारीसाठी तीन मीटिंगा भांडणाऱ्या मला माझ्या आईसाठी दोन-तीन प्रश्न पुरले होते. ह्याची लाज आजही जात नाही. माझ्या कामाबद्दल कुणी कौतुकाने बोललं तर मी विषय बदलते.

तीन आठवडे मी तिच्याजवळ राहिले. औषधं सुरू झाली, ती थोडी खाऊ लागली, कमलमावशीच्या हातचा झुणका मागून घेऊ लागली. मला म्हणाली, "तू रोज पोया नको करू, कच्च्या राहतात." निघायच्या आदल्या दुपारी मी तिचे पाय चेपत होते. तेव्हा मी म्हटलं, "आठ महिने राहिलेत, आई. करार संपला की कायमची परत येते."

आईने पाय ओढून घेतला. "असं बोलू नको. तुलेच मालूम नाही अजून," ती म्हणाली. "खोटं होते मंग ते."

मी चिडले. खरंच येणार आहे, असं दोनदा म्हटलं. तिने मान फिरवून खिडकीकडे पाहिलं.

करार दोन वर्षांनी वाढला. मी सही केली. आता मी वाटेल त्या वारी फोन करायचे, सगळं विचारायचे, आणि आईही सरळ सांगायची: आज जेवली, आज नाही वाटलं. पण तू कधी येते, हे तिने कधी विचारलं नाही. मला खोटं बोलावं लागू नये म्हणून तिने तो प्रश्न गाळला, असं मला वाटतं. वाढीव कराराच्या दुसऱ्या वर्षी ती झोपेतच गेली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

आता मी सिंगापुरातच, सेरंगूनला राहते, नवरा आणि मुलगी आहे, ओट्यावर फोडणी देते. नागपूरचं घर बंद असतं, किल्ली कमलमावशीकडे. तुम्ही तिकडे भारतात राहिलेले लोक विचारता, परत कधी? आणि इकडे आलेले आम्ही सगळे एकाच सुरात म्हणतो, बघू, मुलांची शाळा झाली की. मीही वर्षानुवर्षं तेच म्हणत आले. परवा जेवताना मुलीने विचारलं, "मम्मा, वन डे आपण नागपूरला शिफ्ट होणार, राइट?" नवऱ्याने सवयीने 'बघू' म्हणायला तोंड उघडलं.

"नाही," मी म्हटलं. "आपलं घर इथेच आहे."

मुलीने मान हलवली आणि भात कालवू लागली. हे वाक्य मी त्या दुपारी, पाय चेपताना, आईला सांगायला हवं होतं. तिने ते ऐकून घेतलं असतं.